सकाळच्या कप्प्यातल्या चार गोळ्या

आप्पांना सांभाळणारी मावशी दारात आली तेव्हा तिच्या अंगावर कालचाच एप्रन होता. खिशापाशी दुधाचा ओघळ वाळलेला, आणि त्यात पिवळट कण चिकटलेले.

भाऊजींनी दार उघडलं.

"दादा, ताई आहेत ना घरात?" ती म्हणाली. "मला चोर म्हणाले असते तरी सोसलं असतं. विष घातलं म्हणतायत."

"कोणाला?" वहिनींनी आतून विचारलं.

"आप्पांना."

भाऊजींनी दाराची कडी दोनदा लावली. एकदा लावलेली पुरते.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. वीस वर्षं विमा कंपनीत होत्या. लोकांचे खोटे दावे पकडायचं काम. भाऊ गेला, नोकरी संपली, तेव्हा त्यांनी दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. भाऊजींनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. आता ते वहिनींची गाडी चालवायचे, सोबत बसायचे, आणि वहिनी जे बोलल्या त्यातलं निम्मं घरी येऊन समजून घ्यायचे. त्यांचा स्वतःचा असा विषय एकच. पोट. सकाळी झाली का, काय खाल्लं की होते, काय खाल्लं की अडते, हे ते कोणालाही सांगायचे. एकदा कोर्टाच्या बाकावर शेजारच्या साक्षीदाराला सांगितलं होतं, तो बिचारा साक्ष विसरला.

आज मात्र ते गप्प होते. कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात अर्धी पट्टी होती, जुलाबाच्या पिवळ्या गोळ्यांची. उरलेली अर्धी त्यांनी दहा दिवसांपूर्वी आप्पांच्या हातात ठेवली होती. आप्पा म्हणाले होते, "कोणाला सांगू नकोस." भाऊजी म्हणाले होते, "माझ्या तोंडाला कुलूप."

"बसा, मावशी," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. घाई नको."

"घाई आहे, ताई. मला कामाला लावणाऱ्या एजन्सीचा माणूस पाचला त्यांच्याकडे येणार, लेखी तक्रार न्यायला. ती गेली की मला कोणी दारात उभं करणार नाही. आणि मुलगा म्हणतोय, त्यानंतर पोलीस."

भिंतीवर साडेअकरा झाले होते.

आप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. वय एकाहत्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. दिवसभर स्टुलावर, डोळ्यात भिंग, हातात चिमटा. घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा आणि सून कामाला जात, म्हणून आप्पांकडे बघायला मावशी.

"काल, बुधवारी, दहाला दूध दिलं," मावशी म्हणाली. "अकराच्या आत आप्पा स्टुलावरून खाली. पोट धरून लोळत होते. उलटी झाली, मग कपडे खराब झाले. मी मुलाला फोन लावला, गाडी बोलावली. दवाखान्यात सलाईन लावलंय. जिवावरचं टळलं म्हणतात, पण मुलानं दुधाचा ग्लास बघितला. तळाला पिवळा गाळ."

"दुधात काय घातलं होतं?"

"त्यांच्या गोळ्या. गेल्या वर्षी आप्पांच्या घशात गोळी अडकली, तेव्हापासून मुलाचा हुकूम आहे. डबीत असेल ते कुटायचं, दुधात घालायचं. आप्पा किती वेळा म्हणाले की मी गिळू शकतो. मुलगा ऐकत नाही."

"डबी म्हणजे?"

"सात दिवसांच्या सात छोट्या डब्या. एकेकीत सकाळचा कप्पा, संध्याकाळचा कप्पा. भरतो मुलगा. कुलूप लावून ठेवतो. कामाला जाताना फक्त त्या दिवसाची डबी ओट्यावर काढून जातो."

"काल सकाळच्या कप्प्यात किती गोळ्या होत्या?"

मावशीने चार बोटं दाखवली. "रोज दोन असतात. एक पांढरी, ब्लडप्रेशरची, तिच्यानं लघवी जास्त होते. एक गुलाबी, ॲसिडिटीची. काल दोन पिवळ्या जास्त होत्या. मुलगा म्हणतो, दोनच होत्या, बाकीचं मी घातलं."

"तुम्ही विचारलं नाही, या पिवळ्या कसल्या?"

"मी कोण विचारणारी, ताई? त्याला विचारलं की तो म्हणतो, तुला काय कळतं."

"त्याआधी आप्पांची तब्येत?"

"आठवडाभर बरी नव्हती. हात थरथरायचा. स्क्रू खाली पाडायचे, मीच वाकून शोधायची. पायात गोळे यायचे. आणि..." तिने भाऊजींकडे बघितलं, मग जमिनीकडे. "लघवी लालसर व्हायची. चहासारखी. मी कोणाला बोलले नाही. असलं कसं बोलायचं? आता वाटतं बोलायला हवं होतं. माझंच चुकलं."

"तुमचा आप्पांवर राग का असेल, असं मुलाचं म्हणणं?"

"सोमवारी आप्पा संडासात अर्धा तास. मला वाटलं पडले की काय. दार ठोकलं. तर आतून ओरडले, हिला कामावरून काढा म्हणून. मुलगा म्हणतो, त्याचा सूड घेतला मी." ती हसली. "दार ठोकल्याचा सूड, ताई. मला दिवसातून चार शिव्या बसतात, रोज विष घालत बसले तर घरचं कधी करू?"

वहिनींनी पर्स उचलली. "भाऊजी, गाडी काढा."

भाऊजी गाडी चालवत होते, मावशी मागच्या सीटवर. डोक्यात मात्र औषधाच्या दुकानातली बाई सारखी बोलत होती. त्या बाईने पट्टी देताना चार गोष्टी सांगितल्या होत्या. रात्री घ्या, ही एक. बाकी तीन? एक दुधाचं काहीतरी होतं. एक गोळी फोडण्याचं होतं, की चावण्याचं. चौथी आठवड्याबद्दल होती. भाऊजींनी त्या वेळी मान हलवली होती, कारण मागे रांग होती आणि समोरची बाई फारच मोठ्याने बोलत होती.

आप्पांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं: "रात्री एक घ्या, सकाळी मोकळे."

वाटेत वहिनी त्याच दुकानापाशी उतरल्या. "दहा मिनिटं," म्हणाल्या. भाऊजी स्टीअरिंग धरून बसले. काचेतून दिसत होतं, ती बाई वहिनींना हात हलवून काहीतरी समजावत होती. एकदा तिने दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या. कुटल्यासारखं.

भाऊजींनी खिशाचं बटण लावलं.

आप्पांच्या दुकानात वीस-पंचवीस घड्याळं एकाच वेळी चालू होती, आणि कुठल्याच दोन घड्याळांची वेळ जुळत नव्हती. भिंतीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक घड्याळ, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेला कागदाचा तुकडा. त्यावर तारीख, काय बिघडलंय, काय केलं.

मुलगा नुकताच दवाखान्यातून आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. तो लिफ्टची देखभाल करायचा. कमरेला चाव्यांचा जुडगा.

"काका, तुम्ही हिच्या बाजूनं आलात?" तो भाऊजींना म्हणाला. "आप्पा तुमचे मित्र ना?"

भाऊजी काहीतरी पुटपुटले. ते त्यांनाही ऐकू आलं नाही.

"आम्ही कोणाच्या बाजूनं नाही," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले?"

मुलाने कागद पुढे केला. वहिनींनी हळूहळू वाचला. शरीरातलं पाणी उतरलेलं. रक्तातलं पोटॅशियम फार खाली. हृदयाचे ठोके अनियमित. खाली लिहिलं होतं: जुलाबाच्या औषधाचा संशय, घरी चौकशी करावी.

"जुलाबाच्या औषधाचा संशय," वहिनी म्हणाल्या.

"तो त्यांचा अंदाज. मला पटत नाही. जुलाबाची गोळी घेतली की रात्र जाते, मग लागते. इथे तासाभरात माणूस आडवा. हिनं दुसरंच काहीतरी घातलंय."

"गोळीला रात्र लागते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"कुणालाही माहीत असतं."

"मला आज दुपारी कळलं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "डब्या कोण भरतं?"

"मी. दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. एक डबी बाहेर, बाकीच्या ड्रॉवरमध्ये, चावी इथे." त्याने जुडगा वाजवला. "मी रोज चाळीस मजले वर-खाली माणसं नेणाऱ्या लिफ्ट तपासतो. माझ्याकडून असल्या कामात चूक होत नाही."

"कालपासून ड्रॉवर उघडला?"

"कधी उघडणार? काल दुपारपासून दवाखान्यातच आहे. आत्ता आलो."

वहिनींनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सून ओट्यापाशी उभी होती. तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत होती. ती पार्लर चालवायची. बोटांची टोकं रंगाने तपकिरी.

"आप्पांशी तुमचं कसं जमतं?"

"माझ्या वडलांपेक्षा जास्त," ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली. "मावशी असं करणार नाही, ताई. पण घरात दुसरं कोण आहे? मग मी कोणाचं नाव घेऊ?"

पाणी गरम करायच्या भांड्याशेजारी एक काचेची बरणी होती. आत हिरवट पावडर, आतच चमचा.

"ही काय, मेंदी?"

"हो. पार्लरची."

वहिनींनी झाकण काढून वास घेतला. झाकण लावलं. बरणी होती तिथेच ठेवली, अगदी त्याच गोल डागावर. भाऊजींना वाटलं, मेंदीचा वास काय घ्यायचा? पण विचारलं नाही. आज विचारायचं धाडसच नव्हतं.

पुन्हा दुकानात. वहिनी खिळे बघत फिरल्या. शेवटच्या खिळ्यापाशी थांबल्या. तिथे कागद होता, घड्याळ नव्हतं.

"भाऊजी, हे वाचा."

आप्पांचं मुंगीसारखं अक्षर. दहा तारखा, एकाखाली एक. प्रत्येकीपुढे 'सात' आणि मग 'हो' किंवा 'नाही'. नाही, नाही, हो, नाही, नाही, हो. काही तारखांपुढे बारीक चित्रं. पहिल्या काही ओळींत एक गोल चक्र, आत तीन दांड्या. मग रोज एक कात्री. शेवटी, मंगळवारच्या ओळीत, किल्ली.

"सातचा ठोका चुकतोय कुठल्यातरी घड्याळाचा," भाऊजी म्हणाले. "चक्र बदललं, किल्ली दिली. लिहून ठेवलंय."

"फक्त सातचाच ठोका देणारं घड्याळ बघितलंय कधी?"

"नाही."

"आणि घड्याळात कात्री कुठे असते?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. वहिनी तोवर गुडघ्यावर बसल्या होत्या. स्टुलाखाली, सांडलेल्या स्क्रूंमध्ये, चांदीचा कागद चमकत होता. त्यांनी तो चिमट्याने उचलला. गोळ्यांची अर्धी पट्टी. पाच खळगे, पाचही रिकामे. नाव लिहिलेला भाग नव्हता. पट्टी तिरकी कापलेली.

भाऊजींचा हात आपोआप खिशावर गेला. त्यांना ती तिरकी रेघ ओळखीची होती. गाडीतल्या बोथट कात्रीने त्यांनीच कापली होती. नावाची बाजू स्वतःकडे ठेवली, कारण पुढच्या वेळी तेच मागायचं होतं.

बोला, असं मन म्हणत होतं. आत्ता बोला. त्यांनी खिशावरचा हात काढला नाही. पाच गोळ्या, त्यांनी दिलेल्या, आणि माणूस सलाईनवर. आणि शिक्षा त्या एप्रनवाल्या बाईला.

वहिनींनी पट्टी पाकिटात ठेवली. वर बघितलंही नाही.

साडेचारला त्यांनी सगळ्यांना दुकानात बसवलं. मुलगा उभाच राहिला. सून दारात. मावशी सर्वात लांब, जिथे ती रोज बसते तिथे नाही, परक्यासारखी भिंतीला टेकून.

"सगळे म्हणतात, काल दहा ते अकरामध्ये काय झालं ते शोधा," वहिनी म्हणाल्या. "तिथेच सगळे चुकले. पोट एका तासात दुखतं. उलटी एका तासात होते. पण पोटॅशियम एका तासात एवढं खाली जात नाही. चिमटा आठवडाभर थरथरत होता. पायात गोळे आठवडाभर येत होते. म्हणजे दुधाआधी सात-आठ दिवस आप्पांच्या अंगातलं पाणी आणि क्षार कोणीतरी काढत होतं. त्यात लघवीची गोळी रोज चालू. तीही तेच काढते. दोन्हीकडून गळती."

"हीच घालत असणार रोज," मुलगा म्हणाला.

"ऐका. हा कागद." त्यांनी खिळ्यावरचा कागद दाखवला. "याला घड्याळ नाही, कारण हे आप्पांचं स्वतःचं आहे. सकाळी सात वाजता संडास झाली का, याची नोंद. आयुष्यभर घड्याळं लावणारा माणूस. त्याच्या मते पोटानंसुद्धा रोज सातला ठोका द्यायला हवा. दोन दिवस चुकला की बिघाड. मग द्या चावी."

भिंतीवर घड्याळं टकटक करत होती.

"चावी दिली की सगळं साफ. पुढचे दोन दिवस काही नाही. होणार कसं? आत काही उरलंच नाही. आतडं पुन्हा भरायला वेळ लागतो."

"रिकाम्या बसमध्ये तिकीट कोणाचं फाडणार," भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. पोटाच्या विषयावरचं सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

"बरोबर. पण आप्पांना वाटलं, घड्याळ पुन्हा बंद पडलं. मग आणखी चावी. आणि एकाची चावी पुरेना म्हणून दुसऱ्याची. लाजाळू माणूस. डॉक्टरला सांगायची लाज. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि प्रत्येकाला वर बजावलं, कोणाला सांगू नकोस. चित्रं बघा. पहिल्यांदा चक्र. मग कात्री. मग किल्ली."

सुनेच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कात्री तुमची," वहिनी तिला म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "मेंदी कोणी पाणी गरम करायच्या भांड्यापाशी ठेवत नाही, आणि मेंदीचा वास मला कळतो. ही सोनामुखीची पावडर आहे, पोट साफ करायची. तिच्यानं लघवी लालसर होते. मावशींनी तेच बघितलं."

"एका गिऱ्हाईक बाईनं दिली होती," सून म्हणाली. "झाडपाल्याचं आहे, काही होत नाही म्हणाली. आप्पा म्हणाले, रात्री कोमट पाण्यात चमचाभर देत जा, याला कळू देऊ नकोस. मी सहा दिवस दिली, ताई. रोज. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला म्हणून मला उलट बरं वाटत होतं."

"झाडपाल्याची असली तरी तीही आतड्याला टोचून पळवणारीच. गोळीची सख्खी बहीण. दोन्ही एकदम द्यायच्या नसतात."

"पण तास?" मुलगा म्हणाला. आवाज चढलेला. "आठवडा ठीक आहे. काल तासाभरात कसं झालं? या गोळ्यांना रात्र लागते."

"या गोळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "कुठल्या?"

त्याचा हात जुडग्यावर गेला.

"रात्र का लागते, ते ऐका. त्या गोळीवर एक कवच असतं. कवच आतड्यापर्यंत टिकतं, तिथे गोळी काम करते. म्हणून सहा ते बारा तास. म्हणून ती अख्खी गिळायची, पाण्याबरोबर. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध तासभर तरी जवळ आणायचं नाही, नाहीतर कवच वरच सुटतं आणि पोटात मुरडा येतो. आणि कुटली, तर कवचच गेलं. काल कुटली, दुधात घातली, सोबत ॲसिडिटीची गोळी. एक नाही, दोन. आधीच वाळलेल्या माणसाला. औषध तेच, दुकानातलं साधं. फक्त ज्या रीतीनं या घरात प्रत्येक गोळी दिली जाते, त्या रीतीनं ही द्यायची नव्हती."

"ती रीत मावशीची."

"ती रीत तुमची. मावशींनी हुकूम पाळला. राहिला प्रश्न, कप्प्यात पिवळ्या कोणी ठेवल्या. डबीला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागत नाही, हे तुम्ही मला अभिमानानं सांगितलंत. ड्रॉवर कालपासून उघडला नाही, तेही. आज गुरुवार. गुरुवारची डबी आत आहे. मावशी तिला शिवलेली नाही." वहिनींनी हात पुढे केला. "चावी द्या."

मुलाने जुडगा मुठीत धरला. सुटेना. शेवटी बायको पुढे आली, त्याची बोटं एकेक करून सोडवली, आणि ड्रॉवर उघडला.

गुरुवार. सकाळ. एक पांढरी, एक गुलाबी, दोन पिवळ्या.

सुनेने डबी तशीच उघडी टेबलावर ठेवली.

"मंगळवारी आप्पा म्हणाले," मुलगा म्हणाला. तो आता खाली बसला होता, आप्पांच्या स्टुलावर. "माझा हात धरला. कधी धरत नाहीत. म्हणाले, लहान मुलासारखं वाटतं रे, पण दोन दिवस झाली नाही. कोणाला सांगू नकोस. मी पट्टी आणली. पटकन व्हावी म्हणून दोन ठेवल्या. दुकानदार म्हणाला होता, रात्री द्या. मी म्हटलं, सकाळ काय, रात्र काय. कुटण्याचं तर डोक्यातच आलं नाही." त्याने तोंड झाकलं. "काल ग्लास बघितला तेव्हा मला वाटलं, माझ्या गोळ्यांनी नाही. त्यांना रात्र लागते. म्हणजे हिनंच काहीतरी केलं असणार. असायलाच हवं होतं. नाहीतर मग मी."

मावशी भिंतीपाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला विचारलं असतंत, दादा, तर मी सांगितलं असतं, चार होत्या."

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "मी तुला खोटारडी म्हणालो."

"चक्र राहिलं," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी उठले. खिशातून अर्धी पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. वहिनींनी पाकिटातली शेजारी सरकवली. तिरकी रेघ रेघेला बसली.

"ते चक्र म्हणजे स्टीअरिंग," भाऊजी म्हणाले. "पाच गोळ्या मी दिल्या. सुरुवात माझ्यापासून. दुकानातल्या बाईनं चार गोष्टी सांगितल्या होत्या, मी एक सांगितली. नाव कापून घेतलं. हे मला सकाळी सांगता आलं असतं. मी दिवसभर या बाईला..." त्यांनी मावशीसमोर हात जोडले.

"तुम्हाला माहीत होतं?" सुनेने वहिनींना विचारलं.

"दारातच. भाऊजींसमोर पोटाचा विषय निघाला आणि ते गप्प बसले. असं कधी झालंय का?"

बाहेर घंटी वाजली. त्याच क्षणी एका घड्याळाने पाच ठोके दिले, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, पाच वाजणं काही संपेना. दारात एजन्सीचा माणूस होता. बगलेत फाईल, हातात छापील अर्ज.

"तक्रार कोणाविरुद्ध लिहू?" तो म्हणाला.

मुलगा स्टुलावरून उठला. अर्ज हातात घेतला, वाचला, फाडला नाही. उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला उभ्याउभ्या लिहायला लागला. मावशीचं काम चोख होतं, चूक माझी होती, मी खोटा आरोप केला. सही केली. मग कागद एजन्सीवाल्याला न देता आधी मावशीकडे नेला.

"तुम्ही वाचा," तो म्हणाला. पहिल्यांदा 'तुम्ही'.

मावशीने वाचला, दोनदा. "उद्यापासून दोनच्या जागी तीन दिसल्या तरी मी विचारणार," ती म्हणाली. "तुमचा राग आला तरी."

"विचारा."

दवाखान्याच्या वाटेवर भाऊजींनी गाडी बाजूला थांबवली.

"वहिनी, मला सकाळीच का नाही धरलंत?"

"तुम्ही स्वतः बोलता का, ते बघत होते."

"फार उशिरा बोललो."

"हो," त्या म्हणाल्या. खोटं समाधान देणं त्यांना जमत नसे. "पण सगळं स्वतःच्या अंगावर ओढू नका. दोषालाही मात्रा असते. तुमच्या पाच गोळ्या, नीट सांगून दिल्या असत्या, अधूनमधून एखादी, आठवड्याच्या वर नाही, लघवीची गोळी चालू आहे म्हणून आधी डॉक्टरला विचारून, तर आप्पा आज चिमटा धरून बसले असते. तुमचा दोष न सांगितलेल्या तीन गोष्टींएवढा. आणि आजच्या गप्प बसण्याएवढा. तेवढा घ्या. अख्खा."

भाऊजींनी मान हलवली. गाडी सुरू केली.

आप्पा जागे होते. हाताला सलाईन, छातीला तारा, चेहरा कागदासारखा. शेजारच्या यंत्रावर त्यांच्या हृदयाची हिरवी रेघ चालली होती. आप्पा त्या रेघेकडे धंदेवाईक नजरेने बघत होते.

"दोन ठोक्यांत फरक पडतोय अजून," ते पुटपुटले. मग त्यांनी भाऊजींना बोटाने जवळ बोलावलं. इकडे तिकडे बघितलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. सिस्टर दारापाशी काहीतरी लिहीत होती.

"काल सगळं निघून गेलं," आप्पा कुजबुजले. "आज सातला पुन्हा नाही. तुझ्याकडची एखादी आहे का? कोणाला सांगू नकोस."

भाऊजींनी त्यांचा हात हातात घेतला. हलका होता, चिमट्याएवढा. दहा दिवसांपूर्वी हाच हात, हेच वाक्य.

मग त्यांनी मान वळवली. बत्तीस वर्षं शेवटच्या सीटपर्यंत पोचलेला आवाज त्यांनी पुन्हा बाहेर काढला.

"सिस्टर, जरा इकडे या. आप्पांना संडासबद्दल विचारायचंय."

पलीकडचा माणूस दचकून जागा झाला. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले. कान लाल झाले. पण हात काढून घेतला नाही.

सिस्टर वही घेऊन आली. "बोला आजोबा," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

आप्पांनी एक डोळा उघडला.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

आप्पा सांगायला लागले. पहिल्या तारखेपासून.